बचत गटाच्या पिठात सोयाबीन: पोट, थायरॉइड, जिमवाली पोरं... कोणाला नक्की काय बाधतं?

जोंधळा

बचत गटाच्या मिश्र पिठाचं प्रमाण पक्कं करायचं आहे. सध्या गहू 8 किलो, सोयाबीन दीड किलो, हरभरा डाळ अर्धा किलो असं चाललंय. सोयाबीन गावातलंच, जेएस 335 आणि फुले संगम या वाणांची सरमिसळ. निवडून, कढईत मंद आचेवर भाजायचं, गव्हात मिसळायचं आणि थेट चक्कीवर न्यायचं.

गिऱ्हाईक परत येतं, पण प्रश्न घेऊन येतं. पोट फुगतं, जड वाटतं ही तक्रार सगळ्यात जास्त. त्याखालोखाल थायरॉइड: गोळी चालू असेल तर हे पीठ बंद करायचं का? जिमला जाणाऱ्या मुलांच्या आया "सोयाबीननं पोरगं बायकी होतं म्हणे" असं दबक्या आवाजात विचारतात. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या दोघीतिघी नेहमीच्या गिऱ्हाईक आहेत, त्यांना द्यावं की नाही? आणि लहान मुलांचं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर सोयाबीन सोमवारी अमृत असतं आणि गुरुवारी विष. त्यामुळे फॉरवर्ड नकोत. आकडे आणि कारणं सांगितलीत तर बरं. पाकिटावर काय छापायला हवं तेही सांगा.

---

पीठगिरणी

पोट फुगण्याचं उत्तर तुमच्या कढईतच आहे. सोयाबीन कच्चं राहतंय.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाची प्रथिनं असतात. आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन ती अडवून ठेवतात. म्हणजे 38 टक्के प्रथिनाचं धान्य खायचं आणि ते पचवणारी कात्रीच बोथट करायची. सोबत लेक्टिन असतं, ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं. यावर उतारा उष्णता, हे 1917 पासून ठाऊक आहे. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर दाखवलं होतं की कच्च्या सोयाबीनवर त्यांची वाढ खुंटते आणि शिजवलेल्यावर नीट होते.

पण उष्णता ओली हवी. कोरडा दाणा कढईत भाजला की साल करपतं, खमंग वास सुटतो, आपण आच बंद करतो, आणि आतला गाभा तसाच राहतो. एकाच घाण्यात काही दाणे काळे, काही पिवळेच. पुढे पोळी तव्यावर राहते मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात उरलेलं काम होत नाही.

पद्धत अशी ठेवा:

आधी दाणा चक्कीत दगड सैल सोडून भरडून घ्या, एकाचे दोन होतील इतपतच. सुपानं पाखडून साल काढा. वजनाच्या साधारण 8 टक्के सालच जाते. मोठ्या पातेल्यात किलोला 4 लिटर पाणी आधी खळखळ उकळवा आणि मग ही सोयाबीनची डाळ टाका. हा क्रम उलटा करू नका. भरडलेल्या दाण्याला गार पाणी लागलं की लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम तेलावर काम सुरू करतं आणि तो कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो. एकदा आला की मग कितीही शिजवा, जात नाही. उकळत्या पाण्यात पडलं तर एन्झाइम जागीच मरतं.

पुन्हा उकळी फुटल्यापासून 25 ते 30 मिनिटं. फेस भरपूर येतो, म्हणून पातेलं निम्मंच भरा. डाळ बोटात दाबून बघा. मधोमध खडूसारखा पांढरा टणक ठिपका राहिला असेल तर अजून 5 मिनिटं. पाणी ओतून द्या. गॅस करणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो, म्हणून त्या पाण्याचं सूप-बिप करू नका. कापडावर पातळ पसरून कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवा. दाताखाली कट्कन मोडली पाहिजे.

दळताना नेहमी गव्हात मिसळूनच. नुसतं सोयाबीन दगडी चक्कीवर घातलं तर त्यातलं 18-20 टक्के तेल सुटतं, दगड माखतो आणि पीठ लगदा होऊन बसतं. याच तेलामुळे हे पीठ गव्हाच्या पिठासारखं तीन महिने टिकत नाही, खवट होतं. महिन्यात संपेल एवढंच दळा, पावसाळ्यात पंधरा दिवसांचं.

प्रमाण दीड किलोचं एक किलो करा. सोयाबीनला गव्हासारखा चिकटपणा नसतो, 10 टक्क्यांपुढे पोळी कडेला चिरते आणि डब्यात कडक होते. 9 किलो गव्हात 1 किलो सोयाबीन घातलं तरी प्रथिनं 11 टक्क्यांवरून साडेतेराच्या पुढे जातात. एवढं पुष्कळ झालं.

---

हातसडी

वाळूत फुटाण्यासारखं भाजलं तर? भट्टीवाला गावात आहे. आणि मोड आणून वाळवलं तर कच्चेपणा जातो असंही ऐकलंय.

---

पीठगिरणी

वाळू चालेल, एका अटीवर. दाणा आधी 6-8 तास भिजवून, वरचं पाणी निथळून ओलसर असतानाच भट्टीवर द्या. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती गाभा शिजवते. कोरडा दिलात तर कढईचीच कथा.

मोडानं फारसं साधत नाही. इनहिबिटर थोडे कमी होतात, संपत नाहीत. मोड आलेलं सोयाबीन मटकीसारखं कच्चं कोशिंबिरीत घालायचं नाही, निदान 10 मिनिटं वाफवायचं. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी 127 नावाचा वाण काढलाय, त्यात मुख्य इनहिबिटर नाहीच. पण तोही शिजवूनच खावा. बाकीचे घटक असतातच.

शिजलंय की नाही हे ओळखायची एक युक्ती पशुखाद्य कारखान्यांकडून उचलता येते. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते आणि ट्रिप्सिन इनहिबिटर साधारण एकाच उष्णतेला मरतात. इनहिबिटर मोजणं अवघड, युरिएज मोजणं सोपं, म्हणून कारखाने युरिएज तपासतात. गटात अशी करा:

दोन छोट्या काचेच्या बाटल्या. एकीत कच्च्या सोयाबीनचं पीठ एक चमचा, दुसरीत तुमच्या उकळून वाळवलेल्या डाळीचं एक चमचा (गव्हात मिसळायच्या आधीचं). दोन्हीत अर्धा कप कोमट पाणी आणि शेतातला युरिया चिमूटभर. बूच लावून अर्धा तास ठेवा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी एकेका बाटलीत बुडवा. कच्च्याच्या बाटलीत युरियाचा अमोनिया होतो, पट्टी विटकरी लाल होते, बूच उघडताच नाकाला झोंबतं. शिजलेल्यात पट्टी पिवळीच राहायला हवी. तिथंही लाल झाली तर घाणा परत उकळा. बाटल्या फक्त याच कामाला ठेवा आणि आतलं फेकून द्या, स्वयंपाकघरात अजिबात नेऊ नका.

जाता जाता: याच कारणानं जनावरांना युरियाची प्रक्रिया केलेला कडबा चालू असेल तर कच्चं सोयाबीन सोबत देऊ नका. पोटात अमोनिया एकदम सुटतो.

---

गोळी_पाणी

थायरॉइडचं मी सांगतो. यात दोन वेगळे मुद्दे आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला: सोयाबीन थायरॉइड बिघडवतं का? सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन (जेनिस्टीन, डाइडझीन) प्रयोगशाळेत थायरॉइड संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, हे खरं. प्रत्यक्षात अपाय दिसला तो आयोडीन कमी असताना. 1950-60 च्या दशकात परदेशात सोयाच्या बाळदुधावर वाढणाऱ्या काही बाळांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडीन घालायला लागल्यावर ते थांबलं. निरोगी माणसांवरच्या चाचण्या 2019 मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, त्यात टी3, टी4 (थायरॉइडची संप्रेरकं) हलले नाहीत, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) किंचित वाढलं. म्हणजे घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर निरोगी माणसानं घाबरायचं कारण नाही. सैंधव, काळं मीठ, "नैसर्गिक" खडा मीठ यांवर सगळा स्वयंपाक करणाऱ्यांनी आणि वर रोज सोयाबीन खाणाऱ्यांनी मात्र मीठ बदलावं.

काठावरच्यांची गोष्ट वेगळी. टीएसएच वाढलेलं पण टी4 अजून ठीक, गोळी सुरू नाही, अशा 60 जणांवर इंग्लंडमध्ये एक चाचणी झाली (2011). रोज 30 ग्रॅम सोया प्रथिन, त्यात 16 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, आठ आठवडे. त्यातल्या सहा बायका पूर्ण हायपोथायरॉइडमध्ये (थायरॉइड कमी पडण्याच्या आजारात) गेल्या. पुढे त्याच गटानं 66 मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही, त्यामुळे यावरून बंदी घालता येत नाही. पण "डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे" असं कोणी म्हटलं तर रोजच्या रोज सोयाबीन नको, आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच बघा, एवढं सांगायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा गोळीचा, आणि गिऱ्हाइकांच्या कामाचा हाच आहे. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी, सोयाबीनसोबत पोटात गेली की आतड्यातून कमी शोषली जाते. गोळीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, 25, 50, 75. एवढ्याशा मात्रेत थोडी गळतीही टीएसएचमध्ये दिसते. म्हणून उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, पाऊण-एक तास चहासुद्धा नाही, आणि सोयाबीनचं काहीही तीन-चार तासांनंतर. सकाळच्या नाश्त्याला या पिठाचं थालीपीठ टाळून दुपारी पोळी खावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही चार तासांचं अंतर लागतं, ते तर बहुतेकजण पाळतच नाहीत आणि नाव सोयाबीनचं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं सातत्य. आठवडाभर रोज, मग महिनाभर बंद, असं केलं की डोस जुळतच नाही. पीठ कायम सुरू करायचं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून डोस ठरवून घ्यावा. त्याआधी तपासण्यात अर्थ नाही, गोळीचा परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

अजून एक, क्वचितचं पण विसरलं जाणारं. लिनेझोलिड चालू असलेल्यांनी (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत देतात) सोया सॉस आणि आंबवलेले सोया पदार्थ भरपूर खाऊ नयेत. आंबवण्यात टायरामिन तयार होतं आणि रक्तदाब एकदम चढू शकतो. तुमच्या पिठाचा याच्याशी संबंध नाही. पण सोया सॉसमध्ये मीठही बघा: एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम, आणि दिवसाची मर्यादा 2000. रक्तदाबवाल्यांना सोयापेक्षा तो सॉस जास्त नडतो.

---

ताकभात

आता "बायकी" प्रकरण.

आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे, म्हणून ही भीती. शरीरात ते इस्ट्रोजेनच्या एका प्रकारच्या ग्राहीला (संप्रेरक पकडणारा पेशीतला भाग) जास्त चिकटतात आणि त्यांचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा खूप कमी असतो. पुरुषांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये घेतला गेला. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकात फरक नाही, इस्ट्रोजेनमध्येही नाही.

मग छाती वाढल्याच्या, पुरुषत्व घटल्याच्या बातम्या कुठून येतात? दोन नोंदी वारंवार फिरतात. एक 60 वर्षांचा गृहस्थ रोज पावणेतीन लिटरच्या आसपास सोया दूध पीत होता. दुसरा 19 वर्षांचा तरुण जवळजवळ फक्त सोयावरच जगत होता. दोघांच्याही पोटात दिवसाला सुमारे 360 मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन जात होतं. बंद केल्यावर दोघेही सुधारले.

याच्याशी तुमचं पीठ ताडून बघा. कच्च्या दाण्यात ग्रॅमला साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम. 10 टक्के मिश्रणाचं 200 ग्रॅम पीठ (सात-आठ पोळ्या) म्हणजे 20 ग्रॅम सोयाबीन, म्हणजे 20 ते 30 मिलिग्रॅम, आणि उकळताना त्यातलं काही पाण्यात जातं. जपानमध्ये पारंपरिक जेवणात रोज 25 ते 50 जातं. पोळ्यांनी 360 गाठायला पोरानं दिवसाला ऐंशीच्या पुढे पोळ्या खाल्ल्या पाहिजेत. तसं झालं तर काळजीचा विषय वेगळाच असेल.

जिमवाल्यांचा खरा प्रश्न सोया वड्यांचा आहे. 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत 26 ग्रॅम प्रथिनं, तेवढं रोज ठीक. पण काही मुलं 150-200 ग्रॅम कोरड्या वड्या रोज उडवतात, तेही नीट न भिजवता. त्या पोटात फुगतात, पाणी ओढतात, बद्धकोष्ठ नाहीतर गॅस. उकळत्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं, घट्ट पिळायच्या, गार पाण्यात पुन्हा बुडवून पुन्हा पिळायच्या. पिळलेलं पाणी पिवळसर न येता स्वच्छ यायला लागलं की झालं. 50 ग्रॅमच्या जवळपास तिप्पट होतात, वाटी मोजताना कोरडं वजन धरायचं.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल: शांघायमध्ये 5000 हून जास्त रुग्ण स्त्रियांचा पाठपुरावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सोया अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, टॅमॉक्सिफेन (या कॅन्सरवरची, इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) घेणाऱ्यांतही जास्त दिसलं नाही. तो पाठपुरावा आहे, औषधाची चाचणी नव्हे, त्यामुळे "सोयाबीननं कॅन्सर जातो" असं चुकूनही म्हणू नका. पण पोळीतल्या सोयाबीनला मनाई करायचं कारणही त्यातून उरत नाही. गोळ्या-कॅप्सूल वेगळ्या. रजोनिवृत्तीच्या त्रासावर विकत मिळणाऱ्या आयसोफ्लेव्होन कॅप्सूल या बायकांनी आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अन्नावरचे निष्कर्ष कॅप्सूलला लावता येत नाहीत.

लहान मुलं: वर्षाच्या आतल्या बाळाला सोया दूध नको, घरचं नको आणि दुकानातलंही नको. सोयाचं बाळदूध ही वेगळी वस्तू आहे आणि ती बालरोगतज्ज्ञ काही ठरावीक आजारांत लिहून देतात. घरच्या सोया दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच असतं, म्हणून मोठ्या मुलांचंही दूध तोडून त्यावर ठेवू नये. ते करताना 80-85 अंशांनाच भसकन फेस वर येतो, लोकांना वाटतं उतू चाललंय म्हणजे उकळलं, आणि गॅस बंद होतो. ते अर्धकच्चं असतं. मळमळ, उलटी यातूनच होते. फेस बसवून पुढे 10 मिनिटं खरी उकळी हवी. वर्षावरच्या मुलांना तुमचं पीठ चालेल. भाजलेले अख्खे दाणे चार-पाच वर्षांच्या आतल्यांना देऊ नका, ठसका लागून अडकतात.

आणि मूत्रपिंडाचे रुग्ण. त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, खरं तर यादीत ते वर हवेत. सोयाबीनमध्ये पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला "प्रथिनं आहेत, ताकद येईल" म्हणून हे पीठ कौतुकानं दिलं जातं. त्याला साधी गव्हाची पोळीच बरी, बाकी त्याचा आहारतज्ज्ञ ठरवेल. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होणाऱ्यांनीही हात आखडता घ्यावा.

रक्त कमी असलेल्यांसाठी: सोयाबीनमधलं फायटेट लोह धरून ठेवतं. जेवणात लिंबू पिळा, चहा तासभर लांब ठेवा.

---

खळं

सगळे खाण्यावर बोलतायत, मी खाण्याच्या आधीचं बोलतो.

पेरणीतून उरलेलं बियाणं पिठात जाऊ देऊ नका. लाल, गुलाबी, निळी भुकटी लावलेला दाणा म्हणजे बुरशीनाशक, काही वेळा कीटकनाशकही. धुऊन, उकळून जात नाही. "दोन किलोच उरलंय, वाया कशाला घालवायचं" इथंच घात होतो. गटात सोयाबीन पाच घरांतून येत असेल तर पोतं उघडून तळहातावर घेऊन बघा, रंग बोटाला लागतो का.

दुसरं, काढणीच्या पावसात भिजलेला माल. हमीभाव खरेदीची 12 टक्के ओलाव्याची अट 2024 च्या हंगामात 15 वर नेली होती, ती विक्रीसाठी. घरात साठवायला 15 चालत नाही, 10 ते 12 वर आणा. कुबट वास, दाण्यावर राखाडी-पांढरी बुरशी, आत काळपट, हे बाजूला काढा. बुरशीचं विष उकळीनं मरत नाही. जांभळे डाग पडलेले दाणेही निवडून टाका.

तिसरं, ॲलर्जी. सोयाबीनची खऱ्या अर्थाची ॲलर्जी थोड्यांना असते, पण असते. खाल्ल्यावर मिनिटांत ते दोन तासांत ओठ सुजणं, गांधी, उलटी, श्वास लागणं. गॅस म्हणजे ॲलर्जी नव्हे. श्वास लागला तर पाणी-लिंबू करत बसू नये, सरळ दवाखाना.

धुळीची ॲलर्जी आणखी वेगळी. बार्सिलोनात 1981 ते 1987 दरम्यान ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम इस्पितळात यायचे. शोध लागला तेव्हा कळलं, ते बंदरात सोयाबीन उतरवायचे दिवस होते. सायलोला (धान्य साठवायच्या उंच कोठीला) गाळणी नव्हती आणि सालीची धूळ शहरावर पसरत होती. गाळणी बसवली, साथ थांबली. तुमच्या भरडण्यात आणि पाखडण्यात नेमकी तीच साल उडते. दमा असलेल्या बाईला सुपावर बसवू नका, बाकीच्यांनी तोंडाला मास्क, आणि वाऱ्याकडे पाठ करून उघड्यावर.

---

जोंधळा

सगळ्यांचे आभार. भाजणं आजपासून बंद, हळदीची पट्टी उद्याच करून बघतो. दोन शंका: पाकिटावर नक्की काय? आणि ढगाळ हवेत उकळलेली डाळ वाळवायची कशी?

---

खळं

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं: गहू, सोयाबीन, हरभरा डाळ. ॲलर्जीची ओळ वेगळी आणि ठळक: "यात गहू (ग्लूटेन) आणि सोयाबीन आहे." एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2020 च्या लेबल नियमांत ही दोन्ही जाहीर करायच्या यादीत आहेत. नोंदणी क्रमांक, दळल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं तेही. "थायरॉइडची गोळी आणि हे पीठ यांत 4 तासांचं अंतर ठेवा" ही ओळ कायद्यानं लागत नाही, पण छापा. "मधुमेह बरा", "हाडं मजबूत" असलं काही छापू नका, नोटीस येते.

---

पीठगिरणी

ढग असतील तर उकळूच नका, हे पहिलं. ओली डाळ 24 तासांत बुळबुळीत होते, आंबूस वास येतो आणि तो घाणा फेकावा लागतो. म्हणून मार्च ते मेमध्ये पुढच्या चार महिन्यांची डाळ उकळून, कडक वाळवून हवाबंद डब्यात भरून ठेवा. डाळ टिकते, टिकत नाही ते पीठ. अगदीच अडलं तर जाळीच्या ट्रेमध्ये बोटभर थर, खाली हवा खेळती, पंखा चालू, दर दोन तासांनी उलथणं, आणि शेवटचा ओलावा कढईत मंद आचेवर काढायचा. शिजलेल्या डाळीला कढई चालते.